मदत हवी आहे: साउथ कॅरोलायनाची मॅच बघायला ग्रीनव्हिलला कधी जावं, शुक्रवारी की रविवारी?

मंडळी, घाईत विचारतेय. आम्ही शार्लटला राहतो. सासरे नागपूरहून आलेत, १२ तारखेला परत जाणार. तरुणपणी विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेले, नंतर बरीच वर्षं कॉलेजच्या मॅचेसना रेफरी. इथे आल्यापासून क्रिकेट बाजूला ठेवून मुलींचं कॉलेज बास्केटबॉल बघतायत आणि साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या, म्हणजे कोच डॉन स्टेलीच्या टीमचे तर भक्तच झालेत. (मुलांच्या कॉलेज मॅचमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ आणि मुलींच्या मॅचमध्ये दहा मिनिटांचे चार क्वार्टर का, हे मला त्यांनी रोज विचारून झालंय.)

या टीमच्या लीगची, म्हणजे एसईसीची स्पर्धा परवापासून, ५ ते ९ मार्च २०२५, ग्रीनव्हिलला आहे. आमच्याकडून साधारण शंभर मैल. गाडीत दोन तास बसलं की बाबांची कंबर धरते, म्हणून फेरी एकच होणार.

१. शुक्रवारी आपली टीम नक्की खेळणार का? रविवारी फायनल, पण तिथवर पोचली नाही तर?
२. काल टीव्हीवर या स्पर्धेसाठीचा पहिला नंबर चक्क नाणं उडवून ठरवला. बाबा म्हणाले, "टॉस? बास्केटबॉलमध्ये? काहून?" मला उत्तर देता आलं नाही.
३. लीगमध्ये सगळ्यांत वर आहेत, तर ही स्पर्धा परत खेळायचीच कशाला?

---

कोलंबियाकर:
टॉसचं आधी. साउथ कॅरोलायना आणि टेक्सास, लीगमध्ये दोघींचे १५ विजय, १ हार. जानेवारीत इथे कोलंबियात आपण ६७-५० ने जिंकलो, फेब्रुवारीत ऑस्टिनला त्या ६६-६२ ने. लीगमध्ये बाकी कुणाकडून दोघीही हरल्या नाहीत. मग तुलना करणार कशाची? नियमांतला कुठलाही निकष लावा, बरोबरीच. शेवटी एसईसीचे कमिशनर ग्रेग सँकींनी नाणं उडवलं आणि ते आपल्या बाजूने पडलं. बाबांना सांगा, रेफरीचा काही दोष नाही.

पहिल्या चार टीमना दोन फेऱ्या माफ असतात. त्यामुळे शुक्रवारी दुपारी बाराला आपण खेळणार, हे पक्कं. समोर व्हँडरबिल्ट असेल, किंवा बुधवार-गुरुवार जिंकत आलेली एखादी दमलेली टीम, टेनेसीसुद्धा. दुपारच्या तिकिटात दोन मॅचेस असतात, दुसरी केंटकीची. माझं मत शुक्रवार.

---

खारी_बिस्किट:
मी रविवार म्हणेन, पण छातीवर हात ठेवून नाही. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये सेमीफायनलला टेनेसीने आपल्याला जवळजवळ घरी पाठवलं होतं. दोन पॉइंटांनी मागे, सेकंदभर उरलेला, आणि आपल्या कॅमिला कार्डोसोने थ्री (तीन पॉइंटांचा लांबचा शॉट) मारला. सहा फूट सात इंचांची सेंटर, कॉलेजात तोवर एकही थ्री बसला नव्हता तिचा! बोर्डाला लागून आत. ७४-७३. त्या वर्षी टीम एकही मॅच न हरता राष्ट्रीय विजेती झाली, पण तो चेंडू बाहेर पडला असता तर फायनलचं तिकीट हातात घेऊन तुम्ही दुसऱ्यांचीच मॅच बघितली असती.

परत खेळायचं कशाला, तर एनसीएएच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या ६८ जागांपैकी ३१ जागा कॉन्फरन्सच्या (म्हणजे लीगच्या) स्पर्धा जिंकणाऱ्यांना थेट मिळतात, लीगमध्ये पहिल्या येणाऱ्यांना नाही. आपल्याला तशीही जागा मिळणार, समिती निवडेलच. छोट्या कॉन्फरन्समध्ये मात्र पहिला नंबर मिळवलेली टीम एका वाईट संध्याकाळी हरली की बहुतेकदा वर्ष तिथेच संपतं. खरा जीव टांगणीला त्यांचा असतो. आपल्यासाठी प्रश्न एनसीएएत मानांकन किती वरचं मिळतं एवढाच.

---

धागाकर्ती:
दोघांचे आभार. शुक्रवारची तीन तिकिटं काढली, नवऱ्याने रजा टाकली. टेक्सास आणि आपण लीगमध्ये एकमेकींशिवाय कुणाकडूनच हरलो नाही, हे ऐकून बाबा म्हणाले, "मग बरोबर आहे टॉस." आता त्यांनी बॅगेतून जुनी शिट्टी काढून टेबलावर ठेवली आहे. तिथे आत नेऊ देतात का हो?