मदत हवी आहे: कृषी कार्ड वडिलांच्या नावावर, काजूच्या आधारभूत किमतीचा फरक आईला कसा मिळेल?

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या बागायतदारांना, किंवा ज्यांनी मामलेदार कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना विचारतोय.

आमची डोंगरावर काजूची बाग आहे. (सत्तरीतल्या अल्वारा-मोकासा या जुन्या प्रकारच्या जमिनींच्या मालकीसारखा गुंता नाही. जमीन स्वतःची, एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर वडिलांचं नाव.) वडील गेल्या पावसाळ्यात वारले. कृषी कार्ड, म्हणजे कृषी खात्याकडची शेतकरी म्हणून नोंद, त्यांचं. बी सोसायटीत घातली की बाजारभाव तिथेच मिळायचा आणि आधारभूत किमतीचा फरक कृषी खात्याकडून मागाहून त्यांच्या खात्यात यायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: 2023 च्या अर्थसंकल्पात ही किंमत किलोला 125 वरून 150 रुपये झाली. ती धरली आणि सोसायटीने 115 दिले, तर वरचे 35 सरकार देतं. थोडे वाटतात, पण बेणणीची मजुरी त्यातूनच सुटते.

यंदा आईने बी घातली. बिलं तिच्या नावावर झाली, पण कारकुनाने सरळ सांगितलं, "बाय, कार्ड नसलं तर फरकाचा अर्ज पुढे जायचा नाही." कार्ड करायला गेलो तर उताऱ्यावर आईचं नाव नाही. नाव चढवायला म्युटेशन (फेरफार), त्याला वारसाचा दस्त, दस्ताला सगळी भावंडं. मोठा भाऊ कतारला, बहीण बेळगावला. भांडण कुणाचं नाही, सुट्ट्या जुळत नाहीत एवढंच.

म्युटेशन होईपर्यंत सहमालकांच्या ना-हरकतीवर आईचं कार्ड होतं का? यंदाच्या बिलांचा फरक नंतर मागता येतो का? आणि वडील गेल्यावर त्यांच्या खात्यात पीएम-किसानचा एक हप्ता जमा झालाय, त्याचं काय करू?

एजंटाचे नंबर कृपया देऊ नका. एकजण भेटल्या भेटल्या टक्केवारीवरच आला.

कुळागरवाला:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात वेळ घालवू नये. तो हप्ता काढू नका. मृत्यूदाखला जोडून बँकेला आणि कृषी खात्याच्या झोनल ऑफिसला कळवा, पैसे परत करावे लागतात. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन नावावर झालेल्यांना ही योजना नाही, पण मालक वारल्यामुळे वारसाने आलेली जमीन त्याला अपवाद आहे. नाव चढलं की आईने स्वतःचा नवा अर्ज करावा.

दस्ताचं म्हणाल तर आपल्याकडे नवरा-बायकोची मिळकत सामाईक. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर अर्धी बाग आईचीच आहे, वारसा उरलेल्या अर्ध्याचा. अर्जात हे ठळक लिहा, लोक विसरतात. दस्त सब-रजिस्ट्रारकडे होतो, तोच त्यासाठी विशेष नोटरी असतो. भाऊ कतारच्या भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठवू शकतो. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याच्यावर मुद्रांक भरून घ्या.

कार्डाची हमी मी कशी देऊ? आमच्या काकीचं ना-हरकतीवर झालं होतं. पण तोंडी विचारत बसू नका. अर्ज लेखी द्या, फरकाच्या मागणीचं पत्र बिलांच्या झेरॉक्ससकट त्याच दिवशी द्या, दोन्हींच्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. नाही म्हणायचं तर त्यांना कागदावर म्हणू दे.

माटवी:
आईचं आधार कुठल्या खात्याला जोडलंय तेही बघा. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे एका बँकेत आणि पासबुक दिलं दुसऱ्या बँकेचं, असं आमच्या शेजारी झालं. पीएम-किसान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यातच जातं.

धागाकर्ता:
फार आभार. भावाला आजच कळवतो. एक राहिलं: बहिणीच्या नवऱ्याचीही सही लागेल का?

कुळागरवाला:
लग्न गोव्याच्या कायद्याखाली झालं असेल तर जावयाचं नाव दस्तात येणारच असं धरून चला. ना-हरकतीवरही सही घेऊन टाका. चतुर्थीला येतील ना सगळे, तेव्हाच उरका.