मदत हवी आहे: यात्रेतल्या प्रथमोपचार पथकावर केस होऊ शकते का?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीचा मी कार्यकर्ता. जोतिबाच्या चैत्र यात्रेला आमची पोरं केर्लीच्या पुढं, डोंगराच्या वाटेवर प्रथमोपचाराचा स्टॉल टाकतात. केशरी जाकीट, पाठीवर मंडळाचं नाव, स्ट्रेचर, पट्ट्या, ओआरएस, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. निम्म्या पोरांनी रीतसर ट्रेनिंग घेतलंय, बाकीची स्ट्रेचर धरायला आणि गर्दी हटवायला.

यंदा एका वळणावर मोटारसायकल घसरली. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मागून खोक. पोरांनी दाबून रक्त थांबवलं, पट्टी बांधली, १०८ ला फोन केला. तोवर गडी उठून बसला आणि "मला काय झालं नाही, दर्शनाला जायचंय" म्हणून हटून बसला. तोंडाला दारूचा वास होता असं दोघं सांगतात, तिसरा म्हणतो नव्हता. गर्दीतनं ॲम्ब्युलन्स वर पोचायच्या आत तो भाच्याच्या गाडीवर बसून गेलासुद्धा. रात्री उलट्या, खाजगी दवाखाना, मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन. आता बरा आहे. पण त्याचे पाहुणे तालमीत येऊन बसले: तुमच्या पोरांनी पट्टी बांधून सोडून दिलं, खर्च द्या, नाहीतर केस घालतो.

तालमीत दोन तट पडलेत. एक गट म्हणतो स्टॉल बंद करा, सरबत वाटा. वस्ताद म्हणतात, हात लावायच्या आधी प्रत्येकाची फॉर्मवर सही घ्यायची. रक्तानं माखलेल्याच्या हातात पेन कसा द्यायचा, ते वस्तादांनाच ठाऊक.

रस्त्यावर मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे असं ऐकलंय. पण आम्ही जाकीट घालून, ठरवून बसतो, ट्रेनिंगही आहे. मग आम्हाला ते लागू होतं का? नको म्हणणाऱ्याला धरून ठेवायचं का? आणि अपघात नसेल, चढताना छातीत कळ येऊन कोणी पडला तर? अजून एक, पोरांना मंडळ दिवसाला तीनशे रुपये भत्ता देतं. त्यानं काही बिघडतं का? कोणी वकील, डॉक्टर असाल तर सांगा. रविवारी मीटिंग आहे.

रंकाळाकाठ:
उलट मदत केली तर सरकार २५ हजार देतं ना? राहवीर का काय ते.

काळा कोट:
राहवीर म्हणजे बक्षीस. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात दवाखान्यात पोचवणाऱ्याला मिळतं. २०२१ साली पाच हजार होते, २०२५ मध्ये पंचवीस केले. इथला प्रश्न वेगळा आहे.

धागाकर्ते, तुमच्या कामाचं कलम मोटार वाहन कायद्यातलं १३४-अ. २०१९ च्या दुरुस्तीनं आलं. त्याआधी २०१६ साली सुप्रीम कोर्टानं सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेत केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली होती. कलमाचा गाभा असा: मोटार अपघातातल्या जखमीला सद्भावनेनं, स्वेच्छेनं आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, मदत करताना काही केल्यामुळं किंवा करायचं राहिल्यामुळं हयगय झाली असली तरीही. "सोडून दिलं" हा पाहुण्यांचा आरोप यातल्या 'करायचं राहिलं' मध्ये बसतो. ट्रेनिंग असलेल्याला हे लागू नाही असं व्याख्येत कुठंही म्हटलेलं नाही. जाकीट घातल्यानंही ते जात नाही.

तुमची खरी कच्ची बाजू तीनशे रुपये आहेत. 'मोबदल्याची अपेक्षा न ठेवता' हे शब्द कलमात आहेत आणि समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवणार. १०८ वरचा डॉक्टर पगारी आहे, तो ड्युटीवर असतो, त्याची जबाबदारी वेगळी. तुमची पोरं त्या रांगेत जाऊन बसू नयेत.

छातीत कळ येऊन पडलेल्याचा प्रश्न चांगला विचारलात. तिथं १३४-अ नाही, कारण मोटार अपघातच नाही. त्या वेळी भारतीय न्याय संहितेचं कलम ३० कामी येतं (जुन्या दंडविधानातलं ९२): माणूस संमती देण्याच्या स्थितीत नसेल आणि त्याच्या वतीनं देणारं जवळ कोणी नसेल, तर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही. यात दिवाणी दाव्याचं संरक्षण नाही. म्हणून शिकवलंय तेवढंच करा.

फॉर्मचा नाद सोडा. आधी घेतलेल्या सहीनं हयगय माफ होत नाही, आणि बेशुद्धाची सही मिळत नाही.

जुना १०८वाला:
मी काही वर्षं १०८ वर डॉक्टर होतो, यात्रेच्या ड्युट्या केल्यात. नको म्हणणाऱ्याबद्दल सांगतो.

शुद्धीत असलेल्या, समजून-उमजून बोलणाऱ्या प्रौढाला नाही म्हणायचा हक्क आहे. त्याला दाबून बसवलंत तर उलट तुमच्यावरच तक्रार येईल. पण डोक्याला मार आणि दारूचा संशय असेल तर त्याचं 'नको' खरं धरायचं का, हा प्रश्न पडायलाच हवा. नाव, गाव, आज वार कुठला, पडलास कसा, हे विचारा. उत्तरं लटपटली, तोच प्रश्न तो पुन्हापुन्हा विचारायला लागला, तर सोडू नका. हाताला धरून नव्हे, बोलण्यात गुंतवून ठेवा आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला बोलवा.

उत्तरं नीट आली तरी भाच्याला बाजूला घेऊन सांगायचं: उलटी झाली, झोप येतेय म्हणाला, बोलणं अडखळलं, तर दर्शन राहू दे, थेट सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) ने. आणि वहीत लिहायचं: वेळ, काय दिसलं, काय केलं, काय सांगितलं, कोणाला सांगितलं, दोन साक्षीदार. सही देत असेल तर तिथं घ्या, देत नसेल तर 'सही नाकारली' लिहा. वस्तादांना ही वही दाखवा, फॉर्मपेक्षा कामाची.

सासनकाठीपाशी एकदा एक जण कोसळला होता. छाती गुलालानं अशी माखलेली की एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड चिकटेनात. किटमध्ये कोरडी फडकी ठेवा. छाती दाबायची तर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि दमलात की माणूस बदला. छातीत दुखतंय म्हटल्याबरोबर स्वतःजवळची सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरची गोळी, तिनं बीपी उतरतं) जिभेखाली सारणारे उत्साही लोक असतात, त्यांना आवरा. बीपी आधीच पडलेलं असेल तर माणूस हातचा जाईल. बेशुद्धाच्या तोंडात तीर्थसुद्धा घालू द्यायचं नाही. आणि "गेला" हे तुम्ही म्हणायचं नाही, ते डॉक्टरचं काम.

बावडेकर_ताई:
एक सांगू? मागच्या वर्षी कुठल्यातरी पथकातल्या मुलानं पडलेल्या बाईचा फोटो स्टेटसला ठेवला होता, खाली 'सेवा हीच पूजा'. पदर सरकलेला, तोंडाला फेस. तिच्या घरी तो फोटो आमच्यातल्याच ग्रुपवरनं पोचला. फोटो बंद करा, आणि पथकात दोन-तीन मुली घ्या.

धागाकर्ता:
वकीलसाहेब, डॉक्टरसाहेब, लई उपकार. ताई, फोटोचं मीटिंगमध्ये घालतो, मुलींचंही. आमच्याकडं वही नव्हती, पण १०८ ला केलेल्या फोनची वेळ मोबाइलमध्ये आहे. भत्ता बंद करायला पोरं तयार होतील, पण जेवण आणि पेट्रोलचं काय? आणि पाहुण्यांना काय सांगू?

काळा कोट:
जेवण मंडळानं घालावं, पेट्रोल मंडळानं परस्पर भरावं, पोरांच्या हातात रोख देऊ नये. हे माझं मत, कोर्टाचा निकाल नव्हे. फोनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा आणि हजर असलेल्या पोरांकडनं जे पाहिलं ते आजच लिहून घ्या. वासाबद्दल तिघांचं म्हणणं वेगळं असेल तर तसंच वेगळं लिहा, जुळवून घेऊ नका.

पाहुण्यांशी भांडू नका आणि पैसेही देऊ नका. केस कोणीही घालू शकतो. नोटीस आली तर उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या, व्हॉट्सॲपवर खुलासे नकोत. खर्चाचा विषय निघाला तर सांगा की मे २०२५ पासून मोटार अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. त्यांचा दवाखाना त्यात होता का आणि अपघाताची पोलिसांत नोंद झाली का, हे त्यांनी आधी बघावं. बऱ्याचदा राग बिलाचा असतो.