टेम्पेवर काळे ठिपके आलेत, खायचं की फेकायचं?

उमरेडरोड
नमस्कार. आमच्या शेतात दरवर्षी सोयाबीन होतं आणि पोत्यांनी बाजारात जातं. घरात मात्र आम्ही पाकिटातल्या सोयावड्या आणतो. हे फार दिवस मनाला लागलं होतं, म्हणून यंदा टेम्पे, म्हणजे बुरशीने बांधलेली सोयाबीनची वडी, करायला घेतलं.

पहिली खेप जानेवारीत केली. अर्धा किलो सोयाबीन रात्रभर भिजवलं, चोळून सालं काढली (त्यातच तास गेला), शिजवून पंच्यावर कोरडं केलं. मग दोन मोठे चमचे व्हिनेगर, छोटा चमचाभर विरजण म्हणजे रायझोपस या बुरशीची भुकटी, आणि दाभणाने भोकं पाडलेली पिशवी. दोन दिवसांनी दाणे पांढऱ्याशुभ्र बुरशीत असे घट्ट बांधले गेले की सुरीने काप पडले. वास पावसाळ्यातल्या सात्यांसारखा, म्हणजे रानातल्या अळंब्यांसारखा. मला खरंच भरून आलं.

दुसरी खेप मागच्या आठवड्यात केली. बाहेर ४४ अंश, पिशवी ठेवली फ्रिजवर. वीस तासांनी हात लावला तर ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी गरम. भोकांभोवती काळे-राखाडी ठिपके, मधला भाग ओला, बुळबुळीत. सासूबाई म्हणतात, बुरशी लागलेलं अन्न ताटात नको. काळे ठिपके विषारी असतात का जी? आणि जुन्या वडीवरून पुढचं विरजण लागतं का?

फिरती_स्लाइड
ताई, मी तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. काळे ठिपके म्हणजे रायझोपसचे बीजाणू. भोकांतून हवा जास्त मिळते, म्हणून आधी तिथेच धरतात. त्यांनी अपाय होत नाही. पण बुळबुळीत झालेली खेप फेकाच. अमोनियाचा वास असेल, किंवा गुलाबी, केशरी, हिरवा रंग दिसला, तरीही फेका.

चूक उन्हाची आणि जागेची. ही बुरशी ३० ते ३२ अंशांत खुशीत वाढते. साधारण बारा तासांनंतर ती स्वतःच उष्णता सोडायला लागते. तुमच्या पिशवीला वरून उन्हाळा, खालून फ्रिजची गरमी. ४० च्या पुढे बुरशी दमते आणि जिवाणू माजतात. थर बोटभर जाडीचाच ठेवा, पिशवी कूलरच्या खोलीत फरशीवर जाळीवर ठेवा, बारा तासांनी उलटा.

जुन्या वडीवरून विरजण लागतं, पण दर खेपेला नको ते जंतूही सोबत येतात. भुकटीच वापरा.

सासूबाईंचं चुकत नाही. शेंगदाण्यावरची पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते आणि ते शिजवूनही जात नाही. फक्त सगळ्या बुरशा एका जातीच्या नसतात. सरबतातलं सायट्रिक आम्ल एका काळ्या बुरशीकडूनच बनवून घेतात. रसायनशास्त्रज्ञ जेम्स करीने १९१७ मध्ये ती रीत मांडली, आणि आजही कारखान्यांत मुख्यतः तीच चालते.

सागाचं_पान
माझा मुलगा इंडोनेशियातल्या जावा बेटावर नोकरीला होता, तिथे टेम्पे केळीच्या, कुठे कुठे सागाच्या पानात बांधतात. साग तर आपल्याकडे मुबलक, करून पाहायला हवं. आमच्या घरी काप तळून सावजी रश्श्यात सोडतो. रस्सा आत मुरतो, मऊ पडत नाही. खोबऱ्याच्या चोथ्याचं करून पाहू का?

फिरती_स्लाइड
खोबऱ्याचं अजिबात नको. जावातच त्याला टेम्पे बोंगक्रेक म्हणतात. त्यात बर्कहोल्डेरिया जातीचा जिवाणू शिरला की बोंगक्रेकिक आम्ल तयार होतं. त्याने माणसं दगावली आणि इंडोनेशियाने १९८८ मध्ये त्यावर बंदी घातली. शिजवूनही ते विष जात नाही. सोयाबीनच धरून चाला.

उमरेडरोड
सर, फार आभार. ती खेप खताच्या खड्ड्यात गेली. काल नवी लावली, बोटभर थर, कूलरसमोर फरशीवर. रात्री दोनला उठून उलटली, कोमट होती, भोकांपाशी पांढरी लव दिसत होती. सासूबाईंनी सकाळी आपणहून पिशवी हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, मीठ कधी घालतेस?