इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांच्या बागा: जून-जुलैत कुठल्या बघाव्यात आणि फोटोंसाठी काय सांभाळावं?

निरगुडी

नमस्कार मंडळी. आम्ही रेडिंगला राहतो. जूनच्या मध्याला आई-बाबा येतायत, ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आहेत. लंडन, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट मागच्या खेपेला झालं. या वेळी आईची एकच फर्माईश आहे: "ते लॉर्ड लोकांच्या घराभोवती बागा असतात ना, त्या दाखव." पुण्यात तिची गच्चीवर मोठी बाग आहे, त्यामुळे नुसती हिरवळ दाखवून भागणार नाही. बाबांना निवृत्तीनंतर फोटोग्राफीचं वेड लागलंय. निकॉनचा डीएसएलआर, १८-१४० ची लेन्स आणि ट्रायपॉड, सगळं लवाजम्यासकट येणार आहे.

आईचे गुडघे दुखतात, पण हळूहळू दोन-अडीच किलोमीटर चालते. गाडी आहे. चॅट्सवर्थ आणि ब्लेनम सगळेच सांगतात. त्यापलीकडे काय? आणि ट्रायपॉड चालतो का?

शेवंता_यूके

निरगुडी, आधी एक ठरव. या नावाखाली इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोडतात. एक अठराव्या शतकातला लँडस्केप प्रकार: दूरवर कुरणं, वळणदार तळं, पलीकडच्या काठावर ग्रीक देवळासारखी इमारत. स्टो, ब्लेनम, स्टाउरहेड यातले. फुलं अगदी कमी. दुसरा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला: यू झाडांच्या उंच कुंपणांनी पाडलेल्या 'खोल्या', आणि प्रत्येक खोलीत वेगळ्या रंगाची फुलं. गच्चीवर बाग करणाऱ्या बाईला दुसरा प्रकार दाखव. पहिल्यात ती तासाभरात "झाडं कुठायत?" म्हणेल.

आईंसाठी माझी पहिली पसंती केंटमधलं सिसिंगहर्स्ट. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि हॅरल्ड निकल्सन या नवरा-बायकोने १९३० मध्ये ही पडकी जागा घेतली. आखणी त्याची, लागवड तिची. तो सरळ रेषेचा माणूस, ती वाफा ओसंडून वाहील इतकं लावणारी, आणि बागेत दोघांचा हट्ट अजून दिसतो. १९३८ मध्ये बाग लोकांना खुली केली तेव्हा तिकीट एक शिलिंग होतं. जूनचा दुसरा पंधरवडा म्हणजे गुलाबांचा भर. पांढऱ्या बागेत (सगळी फुलं पांढरी असलेली 'खोली') मधल्या मांडवावरचा गुलाब मात्र थोडा उशिरा, जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला फुलतो. जमलं तर तोच आठवडा धर. मनोऱ्यावर जायला पायऱ्या बऱ्याच आहेत, आईंना खाली बाकावर बसव, बाबांना वर पाठव. सगळ्या 'खोल्यां'चा नकाशा वरूनच कळतो.

गवती_चहा

शेवंताला अनुमोदन, पण रेडिंगहून सिसिंगहर्स्ट म्हणजे एम २५ वर (लंडनभोवतीचा मोटरवे) जीव मुठीत. ग्लॉस्टरशरमधलं हिडकोट सोपं पडेल. लॉरेन्स जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन वंशाच्या माणसाने १९०७ पासून ती उभी केली. जुनी घरं आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने केवळ बागेसाठी म्हणून घेतलेली ही पहिली जागा, १९४८ साली. लाल फुलांच्या वाफ्यांना खरा रंग जुलै-ऑगस्टमध्ये चढतो, म्हणून घाई करू नका.

आणि हिडकोटला जाऊन समोरचं किफ्ट्सगेट न बघता परत येऊ नका. एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी केलेली बाग आहे. उतारावर आहे, खालच्या टप्प्यापर्यंत जायचं तर गुडघ्यांचा विचार करावा लागेल. रोज उघडी नसते, वेळ बघून निघा.

एफ_आठ

फोटोंबद्दल लिहितो.

या बागांत खरी अडचण उजेडाची आहे, कॅमेऱ्याची नाही. जूनमध्ये तुमच्याकडे सूर्य पावणेपाचला उगवतो आणि सव्वानऊनंतर मावळतो. बागा साधारण दहा ते पाच. म्हणजे फोटोवाले ज्या उजेडासाठी जीव टाकतात तो सगळाच्या सगळा फाटक बंद असताना येऊन जातो. आत शिरता तेव्हा ऊन डोक्यावर, सावल्या काळ्याकुट्ट, पाकळ्या जळालेल्या.

यावर उपाय म्हणजे ढग. एकसारखं पांढरं आभाळ असलं की फुलांचे रंग जसेच्या तसे येतात, आणि इंग्लंडात त्याला तोटा नाही. हवामानाचा अंदाज बघून सहल ठरवणार असाल तर उलटा बघा: लख्ख उन्हाचा दिवस तळ्यांच्या बागेला, ढगाळ दिवस फुलांच्या बागेला. रिमझिम असेल तर सोन्याहून पिवळं, गर्दी कॅफेत असते.

पांढऱ्या बागेसाठी एक खास सूचना. मागे यूचं गडद, जवळजवळ काळं हिरवं कुंपण आणि पुढे पांढरी फुलं. कॅमेरा गडद भागाला भुलतो, फोटो उजळ करतो आणि फुलांतला तपशील उडतो. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यायला सांगा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. १८-१४० लेन्स पुरेशी आहे. नवखे लोक वाफ्याचा फोटो समोर उभं राहून १८ वर काढतात, मग अर्धी चौकट माती आणि रस्ता. वाफ्याच्या टोकाशी उभं राहून १०० च्या पुढे झूम केलं की फुलं एकमेकांवर दाटून येतात.

पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा फिल्टर) घ्या. पानांवरची चकाकी जाते, हिरवा खरा दिसतो. फक्त तळ्याच्या काठी तो फिरवून बघा, नाहीतर जे प्रतिबिंब टिपायला गेलात तेच पुसलं जाईल.

ट्रायपॉड: नॅशनल ट्रस्टच्या घरांच्या आत नाही. बागेत स्वतःच्या हौसेसाठी सहसा कुणी अडवत नाही, पण सिसिंगहर्स्टसारख्या अरुंद वाटांवर गर्दीत तो उघडणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. जूनच्या उजेडात लागतही नाही. ड्रोन ट्रस्टच्या जागेत चालत नाही. फोटो विकायचे असतील तर आधी परवानगी लागते.

निरगुडी

बापरे, केवढी माहिती! धन्यवाद. बाबांना एफ_आठ यांची पोस्ट पाठवली, ट्रायपॉड अजून वादात आहे. तळ्याच्या बागेसाठी एकच निवडायची तर स्टो की स्टाउरहेड?

एफ_आठ

स्टाउरहेड, दोनदा विचार न करता. हेन्री होर या सावकाराने (होर बँक अजून चालू आहे) १७४० च्या दशकापासून ती घडवली. सतराव्या शतकातला चित्रकार क्लोद लोरँ याच्या चित्रांसारखा देखावा जमिनीवर उभा करायचा हा त्यामागचा विचार, म्हणून तळ्याभोवती चालताना दर वळणावर चौकट तयार मिळते: आधी दगडी पूल, पलीकडे पँथिऑन (रोमन धाटणीचं घुमटाचं देऊळ), मग भुयारी गुहा, वर टेकडीवर अपोलोचं देऊळ. प्रसिद्ध फोटो गावाकडच्या बाजूने, पूल पुढे आणि पँथिऑन पाण्यापलीकडे. पँथिऑन पश्चिम काठावर आहे, तेव्हा सकाळचं ऊन त्याच्या तोंडावर येतं. वारा उठायच्या आत पोचा. तळ्याची फेरी आईंना जमेल, अपोलोचा चढ सोडा.

खरं तर स्टाउरहेड ऑक्टोबरच्या उत्तरार्धातली जागा आहे. मेपल लाल होतात, सूर्य दिवसभर खाली असतो, आणि सकाळी उशिरा उगवतो म्हणून फाटक उघडेपर्यंत चांगला उजेड टिकून असतो. पण आई-बाबा जूनमध्ये येतायत तर जूनमध्ये बघा.

खडूस_काका

चॅट्सवर्थबद्दल कुणीच बोलत नाही? गर्दी, महाग तिकीट, रेडिंगहून तीन तास, सगळं मान्य. पण आजोबा केळी पिकवत असतील (जळगावकर आहे मी) तर जायलाच हवं. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३० च्या दशकात काचघरात बुटकी केळी वाढवली आणि मालकाच्या, म्हणजे डेव्हनशरच्या ड्यूकच्या, आडनावावरून तिला कॅव्हेंडिश नाव पडलं. आपली बसराई तीच, आणि आज रावेर-यावलला जी ग्रँड नैन सगळीकडे दिसते तीही त्याच कुळातली. १८३५ मध्ये याच ड्यूकने ऑर्किडं गोळा करायला जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला थेट भारतात धाडला होता.

शिवाय पॅक्स्टनचं एम्परर कारंजं. रशियाचा झार येणार म्हणून १८४४ मध्ये बांधलं, झार आलाच नाही. डोंगरावर तळं खोदून नुसत्या उताराच्या दाबावर नव्वद मीटरपर्यंत पाणी उडवायची सोय केली, पंप नाही. कारंजं आणि पायऱ्यांवरून उतरणारा कॅस्केड हे दोन्ही त्या दिवशी चालू आहेत का ते बघून निघा, नाहीतर कोरड्या पायऱ्यांचे फोटो येतील.

मोडीवाचक

सगळ्यांचं वाचून झालं, आता माझं लाडकं. सीझिनकोट. हिडकोटपासून अर्ध्या तासावर, मोर्टन-इन-मार्शजवळ. ग्लॉस्टरशरच्या टेकडीवर हिरवट तांब्याचा मोगली घुमट, छज्जे, कोपऱ्यांवर छत्र्या! ईस्ट इंडिया कंपनीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युएल पेपिस कॉकरेल याने १८०५ च्या सुमारास हे घर बांधलं. ते बघून गेलेल्या प्रिन्स रीजंटला (पुढचा राजा चौथा जॉर्ज) ब्रायटनला तसंच काहीतरी हवंसं वाटलं, आणि त्याचा तिथला राजवाडा, ब्रायटन पॅव्हिलियन, आज जसा दिसतो तसा झाला.

बागेतल्या भारतीय वस्तूंमागे थॉमस डॅनिएल हा चित्रकार. वरच्या तळ्याशी सूर्याचं देऊळ, पुलावर बसलेले नंदी, आणि पुलाखालचे जाडजूड खांब घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले. मला तिथे खिळवून ठेवतो तो याचा पुण्याशी असलेला धागा. सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा जेम्स वेल्स आठवतो का? त्याने वेरूळची रेखाटनं केली होती. पुण्याचा रेसिडेंट मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी गंगाराम तांबट हा आपला चित्रकारही वेरूळला काम करत होता. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून वेरूळचा चित्रसंच १८०३ मध्ये लंडनला काढला तो याच डॅनिएलने, आणि लगेच पुढे सीझिनकोटचं काम आलं. बाबांना पेशवाईत रस असेल तर ही एक बाग सगळ्यांवर मात करेल.

खाजगी घर आहे. आठवड्यातले मोजके दिवस, दुपारचंच उघडतं. घराच्या आत फोटो काढू देत नाहीत, बागेत काढा. नंदीचा फोटो बाजूने काढा, मागे वाहणारा ओढा आणि झाडी येते. समोरून काढलात तर मागे गाड्यांचा रस्ता येतो.

खडूस_काका

म्हणजे लुटीच्या पैशावरचे नंदी बघायला आपण तिकीट काढायचं.

मोडीवाचक

काका, तो हिशेब लावला तर रेडिंगजवळचं बेसिल्डन पार्कही सुटत नाही. ते बांधणारा फ्रान्सिस साइक्स कंपनीचाच माणूस. सरीमधल्या क्लेअरमाँटचं आजचं घर तर खुद्द क्लाइव्हने बांधून घेतलेलं. मी जातो, बघतो आणि पैसा कुठून आला तेही बरोबरच्या पाहुण्यांना सांगतो. न जाऊन कुणाचं काय वसूल होणार?

शेवंता_यूके

दोघंही बरोबर आहात, पुढे चला. 🙂

निरगुडी, गर्दी अजिबात नको असेल तर ऑक्सफर्डशरमधलं राउशम. विल्यम केंट या बागरचनाकाराची १७३० च्या दशकाअखेरची आखणी जवळपास तशीच आहे. दुकान नाही, चहा नाही, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि कुत्र्यांना प्रवेश नाही. पोळीभाजीचा डबा घेऊन जा आणि नदीकाठी बसून खा. बॉक्स नावाच्या झुडपाच्या कुंपणांतली फुलबाग आणि भिंतीआडची जुनी बाग आहे, तेव्हा आईंचीही सोय.

ट्रस्टचं सभासदत्व घ्यायचं का ते स्टाउरहेड, हिडकोट, सिसिंगहर्स्ट यांची तिकिटं मांडून ठरव. चॅट्सवर्थ, सीझिनकोट, राउशम, किफ्ट्सगेट ट्रस्टची नाहीत, तिथे वेगळे पैसे. आणि रस्त्यावर पिवळे फलक दिसले तर थांब. नॅशनल गार्डन स्कीम १९२७ पासून लोकांच्या खाजगी बागा धर्मादायासाठी एखाददुसरा दिवस उघडते. मालकीणबाई स्वतः चहा-केक देतात आणि आईंशी खतावर तासभर बोलतात.

निरगुडी

ठरलं! जूनअखेर एका ढगाळ दिवशी सिसिंगहर्स्ट, रस्त्यात मुक्काम करून. उन्हाच्या सकाळी स्टाउरहेड. जुलैच्या मध्याला मोर्टनला दोन रात्री राहून हिडकोट, किफ्ट्सगेट, सीझिनकोट. राउशम डबा घेऊन. चॅट्सवर्थ या वेळी नाही, काका रागावू नका.

आईचा एक प्रश्न राहिला: फुलांच्या बिया किंवा एखादी फांदी आणता येते का?

खडूस_काका

रागावलो नाही. केळीच्या बाबतीत मात्र पस्तावाल.

गवती_चहा

बागेतून फांदी तोडणं सपशेल नाही. 😀 दुकानातून घेतलेली रोपं-बियाही भारतात न्यायच्या तर आयात परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते या सुट्टीत होण्यातलं नाही. त्यापेक्षा तुमच्या रेडिंगच्या बागेसाठी किफ्ट्सगेटला रोपं विकत घ्या आणि आईंच्या हातून लावून घ्या. फक्त तिथला तो प्रसिद्ध किफ्ट्सगेट गुलाब उचलू नका. तो झाडांवर उंच चढत जातो, दोन-तीन वर्षांत तुमची शेड आणि शेजाऱ्यांची शेड दोन्ही सापडायची नाहीत.