बीयूएमएसला जायचंय, पण उर्दू येत नाही – मदत हवी आहे
मंडळी, भाचीने नीट परीक्षा दिली आहे आणि तिला पुण्यात किंवा मालेगावात युनानी वैद्यकाच्या पदवीला, म्हणजे बीयूएमएसला जायचंय. साडेचार वर्षं अभ्यास आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, हे ठाऊक आहे. घोडं अडलंय उर्दूपाशी. शाळा मराठी माध्यमाची; दहावीला उर्दू, अरबी, फारसी काहीच नव्हतं. मग आधी उर्दूसाठी वेगळं काही करावं लागेल का? त्यात यंदाची नीट वाया जाते का? दम, बलगम, सफरा, सौदा हे चार अखलात (युनानीत मानलेले शरीरातले चार द्रव) पोरीला तोंडपाठ आहेत, पण उर्दू लिपी पाहिली की घाम फुटतो! हिजामा (कपिंग) वगैरे उपचार रुग्णालयात प्रत्यक्ष किती करायला मिळतं, तेही शिकलेल्यांनी सांगा.