मदत हवी आहे: वडिलांचा व्हॉल्व्ह अँप्लिफायर, रात्री २४५ व्होल्ट

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. वडिलांचा जुना व्हॉल्व्ह अँप्लिफायर माळ्यावरून काढला. त्यातले व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या): एक ईसीसी८३, आउटपुटला ईएल८४ ची जोडी, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८१. बिघाड असला तर करंट मर्यादेत राहावा म्हणून सिरीजमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून चालू केला आणि वाजला! तबल्याचा बायाँ इतका भरीव आला की आई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली.

आता अडचणी. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हम (सततची घूं-घूं) येतो. डीसी गुळगुळीत करणारे फिल्टर कपॅसिटर फुगलेत, ते बदलतोच आहे (ईझेड८१ नंतरचा पहिला ५० मायक्रोफॅरडच्या वर नेणार नाही).

दुसरं जास्त काळजीचं. वीस मिनिटांनी एका ईएल८४ ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालसर होते. जागा बदलून पाहिली, त्याच सॉकेटमधला लाल होतो. तिथे ग्रिडवर (प्रवाह आवरणारी जाळी) ४ व्होल्ट दिसतात, खरं तर शून्य हवेत. म्हणजे कपलिंग कपॅसिटर (सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणारा) गळतोय ना? ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन दोन्हीकडे टाकू का? बंद केल्यावर फिल्टर डिस्चार्ज करूनच हात घालतो.

मुख्य प्रश्न: पॉवर ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचा, आणि आमच्याकडे रात्री २४५ येतात. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला ६.३ ऐवजी ७ व्होल्ट मिळतात. प्रायमरीला (मेन्सकडच्या वाइंडिंगला) २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलट फेजमध्ये जोडून व्होल्टेज उतरवणं कुणी केलंय का? तो किती अँपिअरचा घ्यावा? की जळगाव-धुळ्याकडे २४० च्या टॅपसह नवीन गुंडाळून देणारा विश्वासू वाइंडिंगवाला आहे? आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावायचा नाही, तो वडिलांनी स्वतः गुंडाळलेला आहे.