सॅव्हिटार म्हणजे बॅरी, हे मला मान्यच नाही

तिसरी_घंटा

'द फ्लॅश' ही अमेरिकन मालिका (अफाट वेगाने पळणारा सुपरहिरो फ्लॅश, म्हणजे बॅरी, त्याची गोष्ट) परत पहिल्यापासून बघतोय. काल रात्री दीड वाजता सीझन 3 संपला आणि डोक्यात किडा वळवळायला लागला, झोप गेली, म्हणून हा धागा. ज्यांनी बघितली नाहीये त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडलंय.

विसरलेल्यांसाठी थोडक्यात. 2016-17 चा सीझन. चिलखतातला राक्षसासारखा स्पीडस्टर, म्हणजे बॅरीसारखाच अफाट वेगाने पळणारा, सॅव्हिटार येतो, स्वतःला वेगाचा देव म्हणवतो, जगातला पहिला स्पीडस्टर मीच असं सांगतो. बॅरीला चुकून भविष्य दिसतं की हा 23 मे 2017 ला इन्फन्टिनो स्ट्रीटवर आयरिसला, बॅरीच्या प्रेयसीला, मारणार. अख्खा सीझन 'हा कोण, हा कोण' चालतं आणि विसाव्या भागात चिलखत उघडतं, आतून बॅरीच बाहेर येतो, अर्धा चेहरा भाजलेला. पुढच्या भागात खुलासा: आयरिस गेल्यावर भविष्यातल्या बॅरीने सॅव्हिटारशी लढायला स्वतःचे टाइम रेम्नंट तयार केले, म्हणजे काळात मागे जाऊन स्वतःच्याच जादा आवृत्त्या. सॅव्हिटारने सगळे मारले, एक सोडला. तो एक घरी परत आला तर मित्र सिस्को, वडिलांसारखा असलेला जो वेस्ट, कोणीच त्याला जवळ केलं नाही, कारण 'खरा' बॅरी होताच की. हा तुटला, आणि हाच पुढे सॅव्हिटार झाला.

आता सगळे म्हणतात 'व्हिलन निघाला हिरोच'. मी म्हणतो नाही. त्याच्या आठवणी बॅरीच्या, चेहरा बॅरीचा, आई त्याच्याही डोळ्यांसमोर मेली, आयरिसवर त्याचंही तेवढंच प्रेम. पण ज्या दिवशी घरच्यांनी दार लावलं त्या दिवशी तो बॅरी राहिला नाही. नाव तुम्ही स्वतःला देत नाही हो, बाकीचे तुम्हाला त्या नावाने हाक मारतात म्हणून ते तुमचं असतं. हाक बंद झाली म्हणून त्याने देवाचं नाव उचललं. तो कुणीच नव्हता, हीच त्याची ओरिजिन आहे. बोला.

खवचट_खारुताई

दीड वाजता झोपायचं असतं.

बाकी काही पटलं नाही. तुझ्या लॉजिकने घरातून हाकललेला प्रत्येक मुलगा वेगळा माणूस झाला. तो बॅरीच आहे आणि तो बॅरी आहे म्हणूनच गोष्टीत दम आहे. सीझन सुरू कुठून होतो आठव, फ्लॅशपॉइंट. साहेबांना आईची आठवण आली, गेले मागे, आईला वाचवलं, जगाची घडी विस्कटली, मग परत येऊन 'अरेरे असं कसं झालं'. सिस्कोचा भाऊ त्या भानगडीत गेला. स्वतःचं दुःख सहन होत नाही म्हणून काळाशी खेळायचं हा बॅरीचा जुना रोग, सॅव्हिटारने त्याच रोगाची पुढची पायरी गाठली. मला दुखतंय ना, मग देव होतो, देवांना दुखत नाही. हे वाक्य बॅरीच्या तोंडी घालून बघ, शोभतं की नाही.

गणित_कच्चं

दोघंही चुलीत जा, माझा प्रश्न साधा आहे. पहिला सॅव्हिटार आला कुठून?

रेम्नंट का बनवले? सॅव्हिटारशी लढायला. सॅव्हिटार कशातून झाला? रेम्नंटमधून. म्हणजे सॅव्हिटार व्हायला आधी सॅव्हिटार पाहिजे. वर त्याने एकालाच मुद्दाम जिवंत सोडलं कारण त्याला माहीत होतं तो आपण आहोत. ही ओरिजिन नाही हो, हे 'कोंबडी आधी की अंडं' आहे आणि लेखकांनी ऑम्लेट करून वाढलंय. ज्याला सुरुवातच नाही त्याची ओळख काय डोंबलाची शोधता.

तिसरी_घंटा

@गणित_कच्चं, सुरुवात नाही हाच तर मुद्दा! देव म्हणवतो ना स्वतःला. अनादि.

@खारुताई, हाकललेल्या मुलाच्या जागी दुसरा मुलगा घरात बसलेला नसतो. इथे बसलाय, तोच चेहरा, तेच आडनाव, तीच कॉफी. फरक आहे.

गणित_कच्चं

अनादि म्हणून सोडून देणं हा पळपुटेपणा आहे. आणि शेवट बघ ना. बॅरीच्या टीममधला एचआर आयरिसचा चेहरा घेऊन तिच्या जागी उभा राहतो, मरतो, आयरिस वाचते. म्हणजे बॅरी तुटणार नाही, रेम्नंट बनणार नाही, सॅव्हिटार होणारच नाही. मग तो तिथल्या तिथे विरायला पाहिजे होता. पण साहेब पुढचा अख्खा भाग आरामात फिरतात, प्लॅन करतात, मारामारी करतात, का तर म्हणे पॅरडॉक्स पोचायला वेळ लागतो. पॅरडॉक्स आहे की एसटी?

खवचट_खारुताई

एसटी 😂😂 हे आवडलं.

वेदपाठी_नाही_पण

मालिका मुलामुळे बघितली, त्यामुळे सॅव्हिटार कोण यात मला फार पडायचं नाही. पण नाव ऐकून मी सोफ्यावरून उठून बसलो होतो, म्हणून लिहितो.

मालिकेत सांगतात की सॅव्हिटार हा हिंदूंचा गतीचा देव. आपल्याला हे 'सॅव्हिटार' ओळखूच येत नाही, पण हा आपला सविता. मुंजीत गुरुजींनी कानात सांगितलेलं 'तत्सवितुर्वरेण्यं' त्यातला. मूळ शब्द सवितृ, जसं पितृचं पिता होतं तसं सवितृचं सविता, पुल्लिंगी. 'सवितर' हे रूप कुठे दिसतं? हाक मारताना. ऋग्वेदातच आहे, 'विश्वानि देव सवितर्दुरितानि परा सुव', म्हणजे हे सवित्या देवा, सगळं वाईट दूर लोट. पाश्चात्त्य पुस्तकांत सवितर असं लिहायची पद्धत आहे, तिथून कॉमिक्समध्ये आणि कॉमिक्समधून टीव्हीवर.

आता गंमत बघा. धागाकर्त्याचा मुद्दा 'हाक बंद झाली म्हणून तो कुणीच उरला नाही' आणि त्याने घेतलेलं नाव हेच मुळात संबोधन, हाक मारण्याचं रूप. लेखकांच्या हे गावीही नसणार, पण जुळलंय खरं.

तिसरी_घंटा

काका!!! मुजरा. हे मला माहीतच नव्हतं.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

थांबा थांबा म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात वेगवान माणूस अख्खं वर्ष सविताला घाबरून पळत होता?? माझ्या मावशीचं नाव सविता आहे. आमच्याकडेही सगळे घाबरूनच पळतात.

खवचट_खारुताई

@वेदपाठी, माहितीबद्दल धन्यवाद पण जुळवाजुळव नको. गतीचा देव हे तरी बरोबर आहे का? माझ्या माहितीत सविता म्हणजे सूर्य.

वेदपाठी_नाही_पण

अर्धं बरोबर, ताई. सविता सूर्याशी जोडलेला आहेच, पण नाव ज्या धातूवरून आलंय त्याचा अर्थ प्रेरणा देणे, ढकलून कामाला लावणे. तो जगाला चालना देतो म्हणून सविता. त्यामुळे 'गतीचा देव' हे भाषांतर ढोबळ असलं तरी अगदीच हवेतलं नाही. पण गती म्हणजे स्पीड नव्हे. तो स्वतः सोन्याच्या रथातून सगळी भुवनं बघत निवांत जातो, कुणाशी शर्यत नाही. आणि दुसऱ्या मंडलात एक सुंदर सूक्त आहे, 38 वं, तिथे संध्याकाळी तोच सविता हात पसरतो आणि सगळं थांबतं, वारासुद्धा. चालवणारा तोच आणि थांबवणाराही तोच. मालिकेतल्या बुवाला थांबता येत नाही, हीच तर त्याची अडचण.

लाँगबॉक्स_वाला

कॉमिक्सचा विषय निघालाच आहे तर थोडं. मूळ सॅव्हिटार 1995 चा, लेखक मार्क वेडच्या फ्लॅश कॉमिकमधला, आणि त्याचा बॅरीशी काडीचा संबंध नाही. तिथे तो शीतयुद्धाच्या काळातला पायलट, कुठल्याशा तिसऱ्या जगातल्या देशाचा. सुपरसॉनिक विमानाची चाचणी चालू असताना वीज पडते, पॉवर्स मिळतात, मग हा वेगाच्या नादाने वेडा होतो, हिंदू देवाचं नाव घेतो आणि भक्तगण जमवून पंथच काढतो. साधी सरळ ओरिजिन. देश कुठला, खरं नाव काय, पत्ता नाही.

म्हणून पहिल्यांदा बघताना मला बॅरीचा अंदाज अजिबात आला नाही, मी पायलटची वाट बघत बसलो. आमच्या ग्रुपात मालिकेतल्याच पात्रांपैकी कुणी वॉली म्हणत होतं, कुणी एडी थॉन परत आला म्हणत होतं, कुणी रॉनी. एकजण आधीपासून बॅरी म्हणत होता आणि आम्ही त्याला वेड्यात काढलं, त्याने नंतर पार्टी वसूल केली.

माझं मत, बदल चांगला होता, पण ओळख लपवायची पद्धत चीटिंग. चिलखताच्या आतला आवाज टोबिन बेलचा. आदल्या सीझनचा व्हिलन झूम, त्याच्या बाबतीतही तेच, मुखवट्याला आवाज टोनी टॉडचा आणि आत माणूस दुसराच. आवाजच दुसऱ्याचा लावला तर प्रेक्षक ओळखणार कसा?

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

पण क्लू दिलेला की! नवव्या भागात तो म्हणतो 'आय अ‍ॅम द फ्यूचर, फ्लॅश'. आपण सगळ्यांनी ऐकलं, मी भविष्य आहे रे फ्लॅशा. आणि विसाव्यात कळतं की स्वल्पविराम काढून टाका, 'मी भविष्यातला फ्लॅश आहे'. अकरा भाग एका स्वल्पविरामात लपवलेली ओळख!! मला तर अंगावर काटा आला होता. मराठीत हे करताच येणार नाही, आपल्याकडे 'तला' लावला की मेलं सगळं.

लाँगबॉक्स_वाला

मान्य, स्वल्पविरामाला शंभर मार्क. आवाजाचे पन्नास कापतो.

गणित_कच्चं

मुळात तीन सीझन तीन स्पीडस्टर, तिन्ही वेळा मुखवटा, तिन्ही वेळा 'आत कोण'. पहिल्यांदा बॅरीचा गुरू वेल्स म्हणजेच व्हिलन थॉन (एडी नव्हे, दुसरा), धक्का बसला. दुसऱ्यांदा मित्र म्हणून आलेला जे गॅरिक म्हणजेच झूम, बरं बाबा. तिसऱ्यांदा माणूस खुर्चीत रेलून बसतो आणि म्हणतो उघड आता. लेखकांकडे बाहेरचं कोणी शिल्लकच नव्हतं म्हणून बॅरी काढला, त्यात तत्त्वज्ञान शोधू नका. चौथ्या सीझनला न पळणारा थिंकर आणावा लागला यातच सगळं आलं.

तिसरी_घंटा

कंटाळा आला होता हे खरं, पण म्हणून यात काही नाही असं कसं. मला खारुताईशी अजून भांडायचंय. ताई, बॅरी रेम्नंटशी वागतो कसा ते सांगा. सीझन 2 चा शेवट, झूमला हरवायला बॅरी रेम्नंट बनवतो आणि तो बिचारा झूमच्या मशीनभोवती पळून पळून मरतो, हवेत विरून जातो. कोणी रडलं? कोणी साधं नाव घेतलं त्याचं? तोही बॅरीच होता ना? मग त्याचं तेरावं राहू दे, एक मिनिट शांतता तरी. आपल्या सोयीने 'तोही मीच' आणि आपल्या सोयीने 'तो तर फक्त रेम्नंट'. सॅव्हिटारची ओरिजिन तिथे आहे, वर्षभर आधीच, भविष्यात वगैरे नाही.

खवचट_खारुताई

हा मुद्दा मात्र लागला. झूमही तेच करायचा ना, स्वतःच्याच रेम्नंटला सगळ्यांदेखत मारून टाकलं. आणि आपण म्हणालो केवढा क्रूर. मग हिरोने केलं ते बलिदान.

पण बघ, तू माझीच बाजू मांडतोयस. रेम्नंटचा रिवाज बॅरीनेच पाडला. घरच्यांनी दार लावलं म्हणतोस, पण त्यांना ते शिकवलं कोणी? बॅरीने. म्हणजे सॅव्हिटार बॅरीच्याच वागण्याचा बळी आणि वारसही. दोन वेगळी माणसं केलीस की हे सगळं हातातून निसटतं, खरा बॅरी साळसूद सुटतो.

वेदपाठी_नाही_पण

मी तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. मूळ कागद आणि ट्रू कॉपी हा माझा रोजचा धंदा. ट्रू कॉपीवर शिक्का मारतो, सही करतो, पण मूळ कागद समोर ठेवल्याशिवाय मारत नाही. इथे भानगड अशी की बॅरी थोडं मागे जातो आणि तिथे आधीच असलेल्या स्वतःला भेटतो. आता यात मूळ कोण? जो मागून आला तो की जो तिथे होता तो? दोघंही मूळच, झेरॉक्स कोणीच नाही. जो मेला तो रेम्नंट, जो जेवायला घरी पोचला तो बॅरी. शिक्का नंतर मारलेला आहे.

गणित_कच्चं

काका तुम्ही लेखक का नाही झालात त्या सिरियलचे.

तिसरी_घंटा

आत्ता शेवटचा भाग परत लावून बघितला, फक्त तेवढा एक सीन. पॅरडॉक्स जवळ आलाय, बॅरी त्याला म्हणतो घरी चल, आपण मार्ग काढू. आणि तो खरंच येतो! स्टार लॅब्समध्ये, बॅरीच्या टीमच्या अड्ड्यावर, उभा राहतो, सगळे बघतायत. दोन मिनिटं वाटतं बसेल आता हा. नाही बसत. निघून जातो आणि लॅब उडवतो. शेवटी आयरिसच मागून गोळी घालते.

काल मला वाटलं होतं की बघा, हा बॅरी नाही, बॅरी असता तर थांबला असता. आज खारुताईचं वाचून बघितलं तर उलटं वाटलं, दुखायला लागलं की पळायचं हे बॅरीशिवाय कोण करणार. अर्धा मुद्दा परत घेतो. अर्धा ठेवतो, कारण त्या सीनमध्ये बाकीच्यांचे चेहरे बघा, पाहुणा आल्यासारखे उभे आहेत.

खवचट_खारुताई

अर्धा चालेल. झोप आता.

पावभाजी_एक्स्ट्रा_बटर

मावशीला धागा वाचून दाखवला. म्हणाली अर्धा चेहरा भाजलेल्या मुलाला कोणी बर्नॉल तरी दिलं होतं का.